एकट्या आजींच्या ‘शांत’ दिनक्रमाचे कौतुक पुरे

उंबरठा

काल या चर्चामंचावर एका सद्गृहस्थांनी शेजारच्या विधवा आजींवर लिहिले: पहाटे उठतात, कुंड्यांना पाणी घालतात, दुपारी खिडकीशी वाचत बसतात, संध्याकाळी वेळेवर दार लावून घेतात, कुणाबद्दल तक्रार नाही, ‘असे म्हातारपण लाभावे’. त्याखाली सर्वांनी हात जोडले. मला चीड आली, आणि ती चार ओळींत मावणारी नसल्यामुळे स्वतंत्र लिहिते आहे.

ही शांतता टिकवण्यासाठी त्या बाईंना दिवसभर काय काय सांभाळावे लागत असेल, हा विचार लेखकांना शिवलेलाही दिसत नाही. माझी आत्या काकांच्या पश्चात एकटी राहते. आंघोळीला जाताना ती आतून कडी लावत नाही आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीलगत, पडल्या जागेवरून हात पोहोचेल असा ठेवते. माळ्यावरचे काही हवे असेल तर स्टुलावर न चढता, कुणी येईपर्यंत ती त्या वस्तूवाचून चालवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे पासष्टी गाठलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के लोक दरवर्षी पडतात. आत्याने तो अहवाल वाचलेला नाही, पण तिचा सगळा दिवस त्याच धास्तीभोवती आखलेला आहे. शेजाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते दिसू नये याचीही ती काळजी घेते. ‘आता त्यांना झेपत नाही’ असे एकदा कुणाच्या तोंडून निघाले, की घर आवरण्याची बोलणी सुरू होतात.

स्वल्पविराम

आपला संताप समजतो, पण पटत नाही. माझ्या आईचा उभा जन्म इतरांच्या घड्याळावर गेला. बाबा गेल्यानंतर, सुरुवातीचे फार वाईट दिवस सरल्यावर, ती प्रथमच स्वतःला वाटेल तेव्हा झोपू आणि उठू लागली. ती दुःखीच असली पाहिजे, या नातेवाइकांच्या आग्रहाचा तिला कंटाळा आला आहे. एकटे राहणारा प्रत्येक माणूस एकाकी नसतो, आणि भरल्या घरात कुणाशी बोलायला न मिळणारी माणसे मी पाहिली आहेत. राहिला प्रश्न पडण्याचा, तर मी दिवाणखान्यात कॅमेरा बसवला आहे आणि ऑफिसातून अधूनमधून पाहतो.

तिरकस

ज्या आईला आयुष्यात प्रथमच स्वतःचा वेळ मिळाला, तिच्यावरच आपण कॅमेरा रोखलात, याबद्दल आपले अभिनंदन! एकाकीपणाच्या प्रश्नासाठी ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये मंत्री नेमले. आपण कॅमेरे नेमतो.

माझ्या दिरांनीही सासूबाईंकडे हाच उद्योग केला होता. सासूबाईंनी मुकाट्याने आपली खुर्ची कॅमेऱ्याच्या बरोबर खाली सरकवली, कारण तेवढाच कोपरा त्यात येत नव्हता. रोज सकाळी सासऱ्यांच्या फोटोशी त्या मोठ्याने बोलत असत. या यंत्राला आवाजही ऐकू जातो, हे समजल्या दिवसापासून ते बोलणे बंद झाले. दिरांना मात्र ‘आई आता सावरली’ असे वाटले.

स्वल्पविराम

टोमणे मारणे सोपे आहे. म्हातारे माणूस तासन् तास जमिनीवर पडून राहिले तर अंगातले पाणी कमी होते, दबलेल्या स्नायूंना इजा होते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. माझी आई पडली, ते मी कॅमेऱ्यात पाहिले आणि धावत गेलो, म्हणून ती आज आहे. आपल्या सासूबाईंच्या खुर्चीची गोष्ट सुरेख आहे. माझ्याकडे सुरेख गोष्टी नाहीत, आई आहे.

जुनाजाणता

कॅमेरा नको असेल तर गळ्यातले मदतीचे बटण घ्यावे, असे कुणीतरी सुचवण्याआधीच सांगतो. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्यांचा एक अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे असे साधन होते, त्यांपैकीही बहुतेकांनी एकटे असताना पडल्यावर ते वापरले नव्हते. मी स्वतः विधुर आहे, माझेही बटण खुंटीला टांगलेले असते. ते गळ्यात घातले की आरशात रुग्ण दिसतो. आणि रोज फोन करून ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढेच विचारणाऱ्या मुलांनी आमच्या सुरक्षिततेची चर्चा जरा बेताने करावी.

पारिजात

थोडे अवांतर वाटेल, पण ज्या बाईला एकटीने दिवस काढायचा आहे तिचे अर्धे दिवस कागदपत्रांत जातात, हे कुणीच का लिहीत नाही? माझ्या मावशीच्या घरची प्रत्येक जोडणी काकांच्या नावावर होती आणि पासवर्डाचे आकडे त्यांच्याच नंबरवर येत. म्हणून त्यांचा फोन ती अजूनही रोज चार्जिंगला लावते. पाहुण्यांना ती हळवी आठवण वाटते. तिला बिल भरायचे असते.

उंबरठा

पारिजात, हे अवांतर मुळीच नाही, मी नेमके हेच म्हणत होते. स्वल्पविराम, आपल्या आई खरोखर आनंदात असतील तर मला ते खोडून काढण्याची हौस नाही. माझा आक्षेप भिंतीपलीकडून पाहून समाधानाचे प्रमाणपत्र देण्याला आहे, मग ते शेजाऱ्याने देवो वा मुलाने.

तिरकस

आपल्या आई वाचल्या, याचा आनंदच आहे, आणि तेवढ्यापुरता कॅमेराही क्षम्य मानते. आता तो बंद करण्याचे बटण कुठे आहे, हे त्यांना दाखवले आहे का, एवढेच सांगावे.

स्वल्पविराम

दाखवले आहे. ती ते अधूनमधून दाबतेही, आणि मी फोन केला की ‘वीज गेली होती’ म्हणून सांगते. मीही ‘बरं’ म्हणतो. झाले समाधान?