हिवाळा आणि बागेतला गुलाब : आपापल्या गावचे अनुभव

गुलाबाच्या हिवाळी निगेविषयी सल्ले उदंड मिळतात, पण ते कोणत्या हवेसाठी आहेत हे बहुधा सांगितलेले नसते. थंडी पडताच झाडे झाकून ठेवावीत असे कुठेतरी ऐकून पुण्यातही कुंड्यांवर पोती चढतात, आणि आपल्याकडे तर गुलाबाचा खरा बहर डिसेंबर-जानेवारीतच असतो. म्हणून विनंती एवढीच, की अनुभव लिहिताना आधी गाव सांगावे. सुरुवात मीच करते.

पुणे

येथे हिवाळ्याची तयारी ऑक्टोबरच्या छाटणीपासून धरावी. परतीचा पाऊस पुरता ओसरल्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही, कारण ओल्या हवेत घेतलेल्या कापापासून काडी काळी पडत खाली वाळत जाते. वाळक्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या काड्या तळापासून काढते. उरलेल्या जोमदार काड्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या कोंबाच्या) साधारण अर्धा सेंटिमीटर वर, तिरप्या कापते. कापाचा गाभा पांढरट हिरवा दिसला तर काम झाले. तपकिरी दिसला, तर निरोगी भाग लागेपर्यंत आणखी खाली उतरावे लागते. जाड कापांना लगेच बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावते. मग शेणखत आणि निंबोळी पेंड देऊन पाणी सुरू केले, की साधारण दीड महिन्यात पहिली फुले येतात. छाटणीनंतर मुळे उघडी करून उन्हात तापू द्यावीत, असा जुन्या माळीबुवांचा आग्रह असतो. मला त्यात बारीक मुळे तुटण्यापलीकडे काही साधलेले दिसले नाही.

निफाड, जिल्हा नाशिक

आमच्याकडे काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तरी त्या थंडीने गुलाब मेलेला मी पाहिलेला नाही. त्रास होतो तो भुरीचा. दिवसा ऊब आणि रात्री गारठा असला, की कोवळ्या तांबूस पानांच्या कडा वळतात आणि कळीच्या देठावर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी दिसू लागते. द्राक्षावरची भुरी घराभोवतीच्या गुलाबांवर येते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात दोन्ही बुरश्या वेगळ्या असून एकीची लागण दुसऱ्या झाडाला होत नाही. मात्र पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, दोन्हीकडे चालते. फवारणी सकाळी लवकर करावी. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात.

मुंबई

आमच्या बाल्कनीत थंडीपेक्षा उन्हाचा प्रश्न मोठा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीतले ऊन नाहीसे होते आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ते आतपर्यंत येते. कुंड्या तिकडे हलवल्यावर कळ्या धरल्या. बाकी विशेष काही करत नाही.

मिनियापोलिस, अमेरिका

वरचे सगळे येथे उलटे करावे लागते. पारा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत जातो, म्हणून ऑगस्टच्या मध्यापासून नत्रखत बंद करतो आणि शरदात सुकलेली फुले खुडत नाही, म्हणजे झाड नवी कोवळी फूट काढत नाही. मोठी छाटणीही वसंत ऋतूतच करतो. नाजूक कलमी गुलाबांसाठी येथे ‘मिनेसोटा टिप’ नावाची पद्धत आहे: ऑक्टोबरच्या मध्यास काड्या सुतळीने बांधायच्या, एका बाजूची मुळे कुदळीने सैल करायची, अख्खे झाड शेजारच्या चरात आडवे निजवायचे आणि त्यावर माती व नंतर पालापाचोळा घालायचा. एप्रिलमध्ये ते पुन्हा उभे करतो. सलग गोठण्यापेक्षा गोठणे, वितळणे आणि पुन्हा गोठणे हे झाडाला अधिक घातक ठरते. मातीच्या थराखाली हा चढउतार कमी राहतो. कलमाचा जोड, म्हणजे रानटी खुंटावर चांगला गुलाब जोडलेली जागा, तोही आम्ही जमिनीखाली पाच-सात सेंटिमीटर ठेवतो.

सातारा

मिनियापोलिसच्या दादांचे वाचून विचारते: आमच्याकडेही सकाळी चांगलाच गारठा असतो, तर कलमाचा जोड मातीत गाडावा का?

पुणे

नको, ताई. आपली जमीन गोठत नाही, त्यामुळे गाडण्याचा फायदा काहीच नाही, उलट ओल्या मातीत जोड कुजण्याची भीती असते. शिवाय जोडाखालून, खुंटाचे रानटी फुटवे निघाले तर ते मातीखाली लवकर ओळखू येत नाहीत. जोड मातीच्या दोन बोटे वर ठेवा आणि असा फुटवा दिसताच नुसता वरून न छाटता, माती बाजूला करून बुडापासून ओढून काढा.