चेक इंजिनचा दिवा, कोड पी०१७१: स्कॅनर कुठला घेऊ?

घाटवाट (धागाकर्ता):
२०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२,००० किमी. आठवडाभर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. सिग्नलला उभी असताना आचके देते, रस्त्यावर व्यवस्थित पळते. गॅरेजमध्ये पी०१७१ निघाला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ते म्हणतात ऑक्सिजन सेन्सर बदला, साडेसहा हजार. गणपतीला आईला घेऊन पुण्याहून देवगडला जायचंय. स्वतः बघावं म्हणून कोड वाचणारा स्कॅनर घेतोय. बजेट १,५०० च्या आत.

नानाकाका:
दीड हजारात काही धड मिळत नाही. मी चौदा हजारांचा हातात धरायचा घेतला. एबीएस, एअरबॅग सगळे कोड वाचतो. सोसायटीतल्या अकरा गाड्या मीच तपासून दिल्यात. एकदाच घ्या, चांगला घ्या.

कंदीपेढा:
बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा तास काढून ठेवा. माझा दिवा गेला तो गेलाच. फुकटात काम.

इंजिनवेडा:
कंदीपेढा, दिवा जातो, दोष राहतो. शिवाय कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोष नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान त्यात असतं. पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.
घाटवाट, ईएलएम३२७ चिपवाला, गाडीचे कोड मोबाईलवर दाखवणारा ब्लूटूथ अडॅप्टर पुरे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा. इंजिन गरम झाल्यावर फ्युएल ट्रिमचे आकडे बघा (गाडीचा कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो ते), शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा आणि लाँग टर्म म्हणजे बऱ्याच काळाचा, दोन्ही. आयडलला (रेस न देता, गाडी उभी असताना) दोन्हींची बेरीज +२० आणि २,५०० आरपीएमला +५ च्या आत आली, तर कुठूनतरी हवा खेचतेय. उलट रेस वाढवल्यावर आकडा चढत गेला, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर बघा. ऑक्सिजन सेन्सर बहुतेक वेळा खरं तेच सांगत असतो.

रानवारा:
हे सगळं ई२० पेट्रोलमुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या. आमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज बसलं.

इंजिनवेडा:
शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे ट्रिम काही टक्के वर जाणारच. पण तेवढ्याने गाडी सिग्नलला आचके देत नाही.

रानवारा:
तुमच्या गाडीत देत नसेल. माझ्या गाडीने अनुभव दिलाय.

कोल्हापूरची_सून:
मी सेन्सर बदलून बसलेय. चौथ्या दिवशी दिवा परत. शेवटी इनटेकच्या (इंजिनला हवा पुरवणाऱ्या भागाच्या) मागचा रबरी पाईप खालच्या बाजूने चिरलेला निघाला, ३८० रुपयांचा. वरून बघून कळतच नाही, हात घालून दाबून बघावं लागतं. सेन्सरचे पैसे कोणी परत दिले नाहीत. अजून राग येतो.

डोंबिवलीकर:
ब्लूटूथ अडॅप्टर घ्या, पुरतो. आयफोन असेल तर मात्र आधी विचारा, स्वस्तातले बरेचसे फक्त अँड्रॉइडला जोडले जातात. माझे बाराशे असेच गेले.

नानाकाका:
म्हणूनच म्हणालो, चौदा हजारांचा घ्या.

इंजिनवेडा:
एक राहिलं. दिवा लुकलुकायला लागला तर तशीच दामटू नका. तो मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) जाळतं आणि तो खर्च सेन्सरच्या कितीतरी पट.

घाटवाट:
सगळ्यांचे आभार. ऑफिसातल्या मित्राचा अडॅप्टर लावून बघितला. आयडलला +२२, २,५०० ला +४. कोल्हापूरच्या ताई, तुमचं वाचून हात घालून बघितलं, पाईप मला तरी अखंड लागला. स्मोक टेस्ट (धूर सोडून हवेची गळती शोधतात ती) करून घेईन, पण सणाआधी कुठल्याच गॅरेजला वेळ नाही. स्कॅनर घेत नाही, सेन्सरही नाही. आईला घेऊन घाटात अडकायचं नाही मला. एसटीची दोन तिकिटं काढली, गाडी पार्किंगमध्येच राहील.

नानाकाका:
अहो, गाडी असून एसटी? इकडे घेऊन या, मी लावून बघतो.