कोकम, मानकुराद, नारळ: ग्लासात थर टिकत नाहीत, काय चुकतंय?

तांबडी_माती
नमस्कार. रविवारी घरी बारसं आहे, 25 माणसं. लहान मुलं आणि वडीलधारी बरीच आहेत, म्हणून थरांचं बिनदारूचं पेय करायचं ठरवलंय. खाली लाल कोकम, मध्ये पिवळा मानकुराद आंबा, वर पांढरं नारळाचं दूध. ग्लास 300 मिलीचे, उंच आणि सरळ.
करून पाहिलं तर आंब्याचा रस कोकमावर थांबलाच नाही, थेट तळाला गेला आणि सगळं विटकरी झालं. वर नारळाच्या दुधात पांढऱ्या कण्या आल्या. कोकम सरबत नेहमीसारखं पाणी घालून केलेलं, आंबा मिक्सरमधून काढलेला, त्यात पाणी नाही. दूध फ्रिजमधलं. ओतलं चमच्यावरूनच.
सोडा घालावा का? आणि थर किती आधी लावून ठेवता येतील?

बारा_माड
चमच्याचा दोष नाही. तुमचं कोकम आंब्यापेक्षा हलकं होतं, म्हणून आंबा बुडाला.
फळांचा रस पाण्यापेक्षा जड असतो तो मुख्यतः साखरेमुळे. प्यायला तयार असलेल्या कोकम सरबतात 10 ते 12 टक्के साखर असते, पिकलेल्या आंब्याच्या गरात 15 ते 20 टक्के. म्हणजे जड थर तुम्ही हलक्यावर ओतलात. त्यात गर दाट, तो धारेने न पडता गोळ्याने पडतो आणि खालचा थर फोडत जातो.
तळाला पाणी न घातलेला कोकमाचा पाक हवा. 50 ग्रॅम सोलां (कोकमाच्या सुकवलेल्या साली) एकदा भरभर धुऊन घ्या (मिठातली असली तर नक्कीच), 250 मिली कोमट पाण्यात दोन तास भिजवा, कुस्करून गाळा. साधारण 200 मिली पाणी निघेल. त्यात 250 ग्रॅम साखर नुसती ढवळून विरघळवा, उकळायची गरज नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, अ‍ॅल्युमिनियम नको. यातून 350 मिलीच्या आसपास पाक होतो. 25 ग्लासांना दुप्पट करा, प्रत्येकी 28 मिली येईल. भिंडांच्या (ताज्या कोकम फळांच्या) सालीत साखर भरून बरणीत उन्हात ठेवून केलेला पाक घरात असेल तर तो उत्तमच, रंग जास्त खुलतो.
मधल्या थरासाठी दीड किलो गर चाळणीतून गाळून घ्या. मानकुरादला दोर (रेषा) कमी असले तरी गाळाच, एक दोर चमच्याला अडकला की धार वाकडी होते. मग त्यात अर्धा लिटर गार पाणी. चमच्यावरून सलग धार पडली पाहिजे, थेंब-थेंब किंवा गोळा नको. ग्लासाला 75 मिली.
आता खात्री करायची सोपी रीत. 100 मिलीची छोटी बाटली घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी ठेवून काटा शून्यावर आणा. मग प्रत्येक रस त्याच बाटलीत काठोकाठ भरून वजन करा. पाणी 100 ग्रॅम भरेल, शहाळ्याचं पाणी 102 च्या आसपास, पाणी घातलेला आंबा 105-106, कोकमाचा पाक 126 च्या जवळ. जड खाली, हलका वर. शेजारच्या दोन थरांत निदान 2-3 ग्रॅमचा फरक ठेवा. एखाद्या ग्रॅमवर भरवसा ठेवू नका, आंबा जास्त गोड निघाला की गणित बदलतं. आणि दाट दिसणारा रस जड असतोच असं नाही, यात फार जण फसतात.

पाटातलं_पाणी
वरच्याशी सहमत. कण्यांचं सांगतो, कारण त्या दोन वेगळ्या कारणांनी येतात आणि उपायही वेगळे आहेत.
खोबऱ्याचं तेल साधारण 24 अंशांच्या खाली घट्ट होतं. फ्रिजमधल्या जाड रसात ते थिजून दाणे होतात. त्या कण्या चमच्यात घेऊन बोटावर चोळा: विरघळून तेलकट वाटल्या तर दूध नासलेलं नाही, फक्त थिजलंय. चोळूनही पिठूळ चोथा राहिला तर आंबटाने फाटलंय. सोलकढी गरम केली की फाटते तसंच.
म्हणून जाड रस वर घालू नका. एका नारळाचा पहिला रस बाजूला काढा, तो जेवणात वापरा. दुसऱ्या पाण्याचा पातळ रस मलमलच्या कापडातून गाळून घ्या, चिमूटभर मीठ घाला आणि फ्रिजमध्ये न ठेवता बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून अर्धा तास गार करा. चरबी कमी, म्हणून कण्याही कमी.
दूध कोकमाला कुठेही भिडू देऊ नका. मध्ये आंब्याचा थर अखंड राहिला तर प्रश्न येत नाही. तरी 25 ग्लासांची जोखीम नको वाटत असेल तर वर सरळ शहाळ्याचं पाणी घाला. पांढरा थर जाईल, पण चवीला मला तेच जास्त आवडतं, आंब्यावर नारळाचं दूध जरा जड होतं.

रसवंती_म्हापसा
ओतण्याबद्दल. पाक आधी, ग्लास कोरडा, भिंतीला लागू न देता नरसाळ्याने तळाशी. भिंतीवर लाल ओघळ राहिले की वरचे थर कितीही सुबक लावा, मळकट दिसतात. मग पाकावर कुटलेला बर्फ, ग्लासाच्या दोन तृतीयांशापर्यंत. बर्फ असला की धार तुटत-तुटत उतरते, नवशिक्यालाही जमतं. बर्फ आधी आणि पाक नंतर असं मात्र करू नका.
आंबा बर्फावरून, चमच्याची पाठ भिंतीला टेकवून, 10-12 सेकंद घेऊन ओता. सगळ्यात वरच्या थराला लिंबाची पातळ चकती तरंगत ठेवा आणि तिच्यावर ओता. माणसं जास्त असतील तेव्हा चमच्यापेक्षा सॉसची टोकदार बाटली हातात बरी बसते.
सोडा नको. बुडबुडे वर येताना खालचा रंग ओढून आणतात. हवाच असेल तर शेवटी 30 मिली, तोही चकतीवर.
बर्फासकट लावलेले थर 15 मिनिटं छान राहतात, पुढे वितळलेलं पाणी वरचा थर फिका करतं. म्हणून तिन्ही रस बाटल्यांत भरून गार ठेवा, तळाचा पाक तासभर आधी ग्लासांत घालून ठेवा, बाकीचं पाहुणे बसल्यावर. दोघांनी मिळून केलं तर 25 ग्लास वेळेत होतात.
ढवळायला काडी द्या आणि ढवळून प्या असं सांगा. नळीने थेट तळातून ओढलं तर पहिला घोट नुसता पाक. 28 मिली पाकात जवळपास 20 ग्रॅम साखर आहे, वडीलधाऱ्यांच्या ग्लासात 15 मिलीच घाला. थर बारीक होईल, पण दिसेल.

गोकर्णीचा_वेल
चौथा रंग हवा असेल तर निळी गोकर्ण. 10 सुकी फुलं 200 मिली गरम पाण्यात 10 मिनिटं, गाळून गार. साखर घालायची नाही, मग ते सगळ्यात हलकं राहतं आणि शहाळ्याच्या पाण्यावर तरंगतं. चकतीचं लिंबू तिथे चालणार नाही, आंबट लागलं की निळं जांभळं होतं. काकडीची चकती घ्या. आंब्यावर थेट कधीच नको, निळं-पिवळं मिसळून शेवाळी होतं.
अननस घालायचा मोह होईल. ताज्या अननसाचा रस गाळल्यावर 105 ग्रॅमच्या आसपास भरतो, आंब्याइतकाच, म्हणून दोघे एकमेकांत जातात. आंब्यात लिटरमागे 80 ग्रॅम साखर वाढवली तरच अननस त्याच्यावर बसतो. आणि अननस असेल तर नारळाचं दूध नको: न उकळलेल्या अननसातलं ब्रोमेलिन हे पाचक द्रव्य प्रथिनं तोडतं, थोड्या वेळात कडवट चव येते. एक उकळी काढून गार केलेल्या रसात ते उरत नाही.
गोव्यातल्या पर्रा गावच्या कलिंगडाचा रस सुंदर दिसतो, पण तो गाळल्याशिवाय घालू नका. पाच मिनिटांत गर वेगळा आणि पाणी वेगळं होतं.

तांबडी_माती
सगळ्यांचे आभार. बोटावर चोळून पाहिलं, कण्या विरघळल्या, म्हणजे थिजलेलंच होतं. वर शहाळं घालते. दोन शंका राहिल्या. घरात आगळ (कोकमाचा घट्ट रस) भरपूर आहे, त्यातच साखर घातली तर? आणि काही ग्लास शेजारच्या वाड्यावर न्यायचे आहेत, वाटेत मिसळतील ना?

बारा_माड
आगळ नको. त्यात मीठ भरपूर असतं. वजन भरेल, थरही बसेल, पण आंब्याखाली खारट पाक कोणी पिणार नाही. आगळ सोलकढीलाच ठेवा.
न्यायच्या ग्लासांत तळाचा थर जेलीचा करा. 200 मिली पाण्यात 3 ग्रॅम चायना ग्रासची (अगर-अगरची) पूड दोन मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मिनिटभराने तुमचा 100 मिली कोकमाचा पाक त्यात मिसळा आणि लगेच ग्लासांत ओता. पाक तिच्याबरोबर उकळू नका, आंबटामुळे ती नीट घट्ट होत नाही. पाक फ्रिजमधला गारही नको, गुठळ्या धरतात. ही जेली फ्रिजशिवायही बसते. तिच्यावर आंबा घालून झाकण लावा, शहाळं वेगळ्या बाटलीत न्या आणि तिथे पोचल्यावर ओता.