हिल ६०चं हिल १६ झालं: आयरिश खेळाडू-सैनिकांना विसरले की पुसले?

सायली_डब्लिनकर
इथं डब्लिनला गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक, खेळांच्या क्रोक पार्क मैदानात 'हिल १६' नावाचा उभ्याने सामना बघायचा कट्टा आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या उठावात पडलेल्या इमारतींच्या राडारोड्यावर तो बांधला, असं घरोघरी सांगतात. खरं तर तो १९१५चा, आणि आधीचं नाव 'हिल ६०'. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीतल्या ज्या टेकडीसाठी ब्रिटिश फौजेतल्या कॉनॉट रेंजर्स पलटणीची आयरिश पोरं मेली, तिच्यावरून. १९३०च्या दशकात ते नाव काढलं. याला मी विसर म्हणणार नाही, हे पुसलंय.

रग्बीवाल्यांचंही तेच. १९१४ मध्ये आयरिश रग्बी संघटनेचे अध्यक्ष ब्राउनिंग यांनी डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड या रग्बी मैदानावर खेळाडू जमवले, त्यांतून ब्रिटिश फौजेतल्या डब्लिन फ्युझिलियर्सच्या ७व्या बटालियनची 'डी' कंपनी उभी राहिली. ऑगस्ट १९१५, गॅलिपोलीतलंच सुव्हला. डोंगरकड्यावर यांचे हातबॉम्ब संपले, तेव्हा त्यांनी दगड मारले. बटालियनमधल्या एकाने तुर्कांचे पाच बॉम्ब झेलून उलटे फेकले. सहाव्याने त्याच्या चिंधड्या केल्या.

मावळतीकर
सायलीताई, वाचून गलबललं, पण पटलं नाही. २१ नोव्हेंबर १९२०ला याच क्रोक पार्कात सामना चालू असताना ब्रिटिश सरकारी दलांनी गोळ्या झाडल्या. १४ जीव गेले. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगनही होता. त्या मैदानाने ब्रिटिश फौजेच्या लढाईचं नाव का वागवावं?

सायली_डब्लिनकर
पण गोळ्या झाडल्या १९२०च्या दलांनी. सुव्हलाची पोरं पाच वर्षं आधीच मातीत गेली होती, त्यांच्यावर तो डाग का? आणि जॅस्पर ब्रेटचं काय? १९१४ मध्ये वेल्सविरुद्ध आयर्लंडकडून खेळला, याच बटालियनमधून लढला, मन पार मोडून परतला. १९१७ मध्ये रेल्वेखाली जीव दिला. त्यानं कुणाचं काय बिघडवलं होतं?

जुनी_वही
स्मारक बांधलं म्हणजे आठवण राहते असंही नाही. डब्लिनची आयलंडब्रिजची युद्धस्मारक बाग वास्तुकार ल्युटेन्सची, आपलं इंडिया गेटही त्याचंच. बाग १९३०च्या दशकाअखेर तयार झाली, रीतसर उद्घाटन १९८८ला! आणि इंडिया गेटवरची नावं आपल्यापैकी किती जणांनी वाचलीत? त्याच महायुद्धात इराकमधल्या कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

मावळतीकर
ब्रेटबद्दल मान्य. त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात यावं, लॅन्सडाउन रोडला दरवर्षी घ्यावं. पण क्रोक पार्क ज्यांचं, त्या गेलिक खेळांच्या संघटनेने ब्रिटिश दलांतल्या माणसांवरची सदस्यत्वबंदी उठवली ती थेट २००१ मध्ये. इतकी खोल जखम आहे ती. हिल १६ला हिल १६च राहू दे, ताई.