एमआरआयचं चुंबक कधीच बंद नाही, मग बिल किती?

भांडुपकर:
काल आईचा एमआरआय झाला. बाहेर येऊन विचारते, "ते चुंबक रात्रंदिवस चालू असतं म्हणे. लाईट बिल किती येत असेल रे? आणि ती ठकठक कसली?" मी 'अतिवाहक' एवढंच बोललो आणि अडकलो.

जुना वायरमन:
आईंनी नेमकं धरलंय! साध्या तारेत विजेला विरोध होतो, म्हणून तर इस्त्री तापते. इथे नायोबियम-टायटॅनियमची तार द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवलेली. विरोध शून्य, यालाच अतिवाहक म्हणतात. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. चाळीस वर्षं फ्यूज बांधले, तरी हे ऐकून मी खुर्चीत बसलो होतो. ठकठक वेगळ्या वेटोळ्यांची, त्यांतला प्रवाह झटक्याझटक्याने बदलतो.

सायनची बाई:
वर्गात मी दिंडी सांगते. एकटा इलेक्ट्रॉन धक्के खातो. थंडीत जोड्या जमतात आणि सगळे एका तालात निघतात. उपमा थोडी लंगडी आहे, पण पोरांना कळते. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने तर बिस्मथ हा धातूही अतिवाहक होतो हे दाखवलं, अर्ध्या मिलिकेल्विनच्या आसपास, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या जेमतेम वर!

भांडुपकर:
आईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे बिल फ्रीजचंच की."

जुना वायरमन:
बरोब्बर. चुंबकाचं बिल हेलियम थंड ठेवण्याचंच.