ब्रह्मपुरी तालुक्यात राहून डब (जमैकाच्या रेगेतून निघालेलं, मिक्सरवर घडवलेलं एको-बासचं संगीत) आणि प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत हेच काम करायचं आहे. सुरुवात कशी लावावी?

धानपट्टा_७२
नमस्कार मंडळी. मुक्काम खेड्यात, पुण्या-मुंबईला जायचा विचार नाही. जवळ एक साधा लॅपटॉप, दोन इन-दोन आउटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधून आवाज आत-बाहेर नेणारा डबा), सहा चॅनेलचा छोटा मिक्सर आणि हेडफोन आहे. वर खर्चायला २५ हजार. चार ट्रॅक अर्धवट आहेत, ७२ बीपीएमवर (मिनिटाला ७२ मात्रा), खाली जाड बास आणि वर गावच्या भजन मंडळाची खंजिरी. तीन गोष्टी विचारायच्या आहेत:
१. सगळं माउसनं करतो म्हणून मिक्स निर्जीव वाटतो. डबचा तो हातानं केलेला एको कसा आणायचा?
२. हेडफोनवर बास दणदणीत आणि गावच्या डीजे बॉक्सवर गायब. असं का होतं?
३. यात पोट भरण्याचा खरा मार्ग काय? सोशल मीडियावर रील टाका हा सल्ला सोडून सांगा.

सर्किटवाला_भाऊ
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. डबमध्ये मिक्सर हेच वाद्य असतं, आणि ते वाजवायला चार वेगळे आवाज हाताखाली लागतात. डब घडवणाऱ्यांतला जुना उस्ताद किंग टबी याच्याकडे जमैकात किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतल्या घरी चार ट्रॅकचंच सामान होतं. त्याच्या जुन्या एमसीआय मिक्सरवर एक मोठं बटण होतं. त्यानं खालचे स्वर ७० हर्ट्झपासून साडेसात हजार हर्ट्झपर्यंत टप्प्याटप्प्यानं कापले जायचे. ते फिरवलं की अख्खं गाणं पत्र्यासारखं पातळ व्हायचं, आणि परत आणलं की बास छातीवर आदळायचा. त्या दणक्याला आधीच्या पोकळीमुळे जोर येतो.

तुमच्या इंटरफेसला दोनच आउट आहेत. म्हणून आधी जुन्या बाजारात चार लाइन आउटवाला इंटरफेस बघा, २५ हजारांतला मोठा भाग तिथेच जाऊ द्या. तो मिळेपर्यंत डाव्या आउटमधून ड्रम-बास आणि उजव्यातून बाकी सगळं असं दोन मोनो चॅनेलवर काढा. सरावाला तेवढं पुरतं.

जोडणी अशी. प्रत्येक चॅनेलच्या ऑक्स सेंडमधून (बाहेरच्या यंत्राला आवाज पाठवायची वाट) एको मशीनला आवाज द्या. एकोचा आउट मिक्सरच्या रिटर्न जॅकमध्ये घालू नका. बहुतेक जण इथंच चुकतात. तो आउट एका मोकळ्या साध्या चॅनेलमध्ये घ्या, म्हणजे त्या एकोला स्वतःचा इक्यू (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायची बटणं) मिळतो. त्याच चॅनेलचं ऑक्स बटण थोडं उघडलं की एको स्वतःलाच परत जातो आणि वाढत राहतो. बटण मध्यावर गेलं की आवाज पेटतोच, म्हणून दुसरा हात कायम त्या चॅनेलच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) ठेवा. रिटर्नचा, म्हणजे या चॅनेलवर परत आलेल्या एकोचा, बास पूर्ण कापा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या फेरीत खाली चिखल होतो.

एकोची वेळ काढायची रीत: ६०,००० भागिले बीपीएम. ७२ला एक मात्रा ८३३ मिलिसेकंद येते आणि तिचा पाऊण भाग ६२५. हा पाऊण भागच डबला चालना देतो, कारण परत येणारा आवाज मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो.

एको मशीन विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. कराओकेच्या स्वस्त माइक बोर्डावर बहुधा पीटी२३९९ ही चिप असते, ५ व्होल्टवर चालणारी. तिच्या ६ नंबरच्या पायाला लावलेला रेझिस्टर वेळ ठरवतो. सुमारे २७.६ किलोओहमला ३४२ मिलिसेकंद मिळतात. तो काढून तिथं ५० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा. टोकाला सहाशेच्या आसपास जाल. तिथं खरखर वाढते, पण डबमध्ये ती खपते. एको चालू असताना पॉट फिरवला की सूर खाली-वर घसरतो. हे टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कोणालाही अर्ध्या तासात जमेल.

मिक्सरचा मेन आउट इंटरफेसच्या दोन इनपुटमध्ये घेऊन रेकॉर्ड करा. रेकॉर्ड होणाऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर तोच आवाज परत मिक्सरमध्ये जाऊन शिट्टी वाजते. एका गाण्याच्या पाच सलग फेऱ्या घ्या, मध्ये थांबू नका, पाचातली एक निवडा.

लॅपटॉपबद्दलही सांगतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाज तुटतो. म्हणून सगळे सिंथ (सॉफ्टवेअरमधली वाद्यं) आधी ऑडिओ फाइल करून घ्या. मिक्सच्या वेळी लॅपटॉपनं फक्त चार फाइल वाजवायच्या.

मंडईचा_बास
बास गायब होतो कारण तो बॉक्सच्या आवाक्याखाली असतो. लग्न-मिरवणुकीचे १८ इंची बॉक्स साधारण ४५-५० हर्ट्झच्या वरच दम देतात. बासचा खालचा ई स्वर (ई, जी, ए ही पाश्चात्त्य सुरांची नावं) ४१ हर्ट्झवर येतो. तिथं कोन नुसता हलतो, ऐकू काही येत नाही, आणि कॉइल तापते. हेडफोन मात्र २० हर्ट्झपर्यंत दाखवतो, म्हणून फसगत होते. गाण्याची पट्टी जी ते ए ठेवा. जी म्हणजे ४९ हर्ट्झ, ए म्हणजे ५५.

माझं मत ए या पट्टीला. आपल्या वायरिंगमधली गुणगुण ५० हर्ट्झची असते. ४९चा बास आणि ५०ची गुणगुण एकत्र आली की दर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं बास डळमळतोय. माणसं मग बासचा पॅच बदलत बसतात आणि दोष अर्थिंगमध्ये निघतो.

त्यामुळे अर्थिंगकडे नीट बघा. उन्हाळ्यात जमीन वाळली की खड्ड्यातली अर्थिंग कमजोर होते, पाणी टाकत राहा. लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाहीच असं समजा. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन कापणारे खूप आहेत. हे जिवावर बेततं, करू नका. सगळं सामान एकाच बोर्डावर घ्या आणि इंटरफेस व मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाले डीआय बॉक्स (विजेची थेट जोडणी तोडून फक्त आवाज पुढे देणारे) टाका. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर वेगळीच भुणभुण सुरू होते. तेव्हा लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवा आणि रेकॉर्डिंग थांबवा. कृषिपंपांच्या वेळेत व्होल्टेज पडतं, ते तास फाइली लावायला ठेवा.

बासला ३५ हर्ट्झखाली २४ डीबीचा कट द्या. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. बासवर हलकं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) दिलं की ५५च्या दुपटीला आणि तिपटीला, म्हणजे ११० आणि १६५ला, त्याच्या सावल्या उभ्या राहतात, मग मोबाइलवरही बासची चाल कळते.

पोटाचंही याच्यातच आलं. टबीची कारकीर्द बघा: धंदा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचा आणि ट्रान्सफॉर्मरचा, सोबत स्वतःची होम टाउन हाय-फाय साउंड सिस्टिम (नाचायला लावायचा मोठ्या स्पीकरचा फिरता संच). मिक्सर घरात आला तो त्याच्या नंतर, १९७०च्या दशकात. सायंटिस्ट या नावानं पुढे गाजलेला डबवाला त्याच्याकडे पोरसवदा वयात दुरुस्तीच्या कामातूनच आला आणि मिक्सरवर बसला. म्हणजे डबचं घराणंच दुरुस्तीच्या टेबलावर उभं राहिलं.

तुमच्या भागात तसं काम आहे. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाची, नाटकं चालतात आणि कंपन्यांची कार्यालयं वडसा देसाईगंजला आहेत. रात्रभराचा प्रयोग, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेले ऑर्गन-ऑक्टोपॅड-ढोलकीवाले, आणि माइकला सतत एको. तिथं साउंडवाल्याच्या हाताखाली एक हंगाम काढा. एको कधी उघडायचा आणि कधी दाबायचा हे पदाच्या ओळीगणिक शिकता येतं, आणि रोजीही सुटते. पावसाळ्यात स्वतःचं संगीत आणि दुसऱ्यांचं मिक्सिंग. तुमच्या भागात वर्ष आपसूकच असं विभागलेलं आहे, त्याचा फायदा घ्या.

खुल्या जागी स्वतःचा कार्यक्रम केला तर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २०००च्या ध्वनी नियमांतला भाग लक्षात ठेवा. आधी परवानगी घ्या.

धानपट्टा_७२
खूप आभार. सगळं एकत्रच बाहेर काढतो म्हणून मिक्स मेला होता, हे आता कळलं. आणखी दोन शंका. खंजिरी एकोत टाकली की नुसती सळसळ होते. आणि मंडळ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतं, ती ट्रॅकमध्ये वापरून बाहेर विकता येतील का?

करारनामा
भजनांपासून सुरू करतो. महाराजांचं महानिर्वाण १९६८चं. भारतात शब्दांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०२८ सरेपर्यंत ही भजनं मोकळी नाहीत. प्रकाशित करण्याआधी मोझरीच्या गुरुकुंजात लेखी विचारणा करा आणि उत्तर हातात येईपर्यंत थांबा. तुकोबांचे अभंग किंवा कर्त्याचं नाव नसलेली पारंपरिक पदं यांच्या शब्दांना ही अडचण नाही. पण दुसऱ्या कोणाची छापील कॅसेट-सीडी उचलायची नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

तिसरा हक्क म्हातारी माणसं गात-वाजवत असतात म्हणून विसरला जातो: कलाकाराचा. खंजिरी वाजवणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा त्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. रेकॉर्डिंगच्या आधी मराठीत एक पान लिहा, वाचून दाखवा, सह्या घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९मधल्या दोन गोष्टी बघा. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्हाला बाहेर विकायचं आहे, म्हणून ‘जगभर’ आणि वर्षं स्पष्ट लिहा. प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहा. मंडळाला नुसतं नारळ-शाल देऊन आवाज घेऊन जाणं मला पटत नाही. त्यांच्या तालावर ट्रॅक उभा आहे, वाटा त्यांचा आहेच.

पैसा. स्पॉटिफायवर २०२४पासून वर्षभरात १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही, म्हणून त्यावर हिशेब बांधू नका. या संगीताचा विकत घेणारा श्रोता बॅंडकॅम्प या संगीत विकायच्या वेबसाइटवर आहे. ते डिजिटल विक्रीतून १५ टक्के कापतात, ५,००० डॉलरच्या पुढे १०, आणि पेमेंटचा खर्च वेगळा. पैसे पेपॅलनं येतात, त्याला पॅन लागतो. भारतात पेपॅल परदेशातून आलेल्या रकमेपुरतंच चालतं, तेव्हा इथल्या खरेदीदारासाठी यूपीआयची वेगळी सोय ठेवा.

लेबलला (संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीला) पाठवताना अर्धवट ट्रॅक नको. तीन पूर्ण ट्रॅक, खासगी लिंक, चार ओळी. आधी त्यांचं काम ऐका. लंडनमध्ये सुरू झालेल्या एड्रियन शेरवुडच्या ऑन-यू साउंडला जे चालेल ते बर्लिनच्या १९९३मध्ये सुरू झालेल्या बेसिक चॅनेलच्या वळणाच्या लेबलला चालणार नाही. एकाकडे माणसं, आवाज, गोंधळ. दुसरीकडे एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आठ मिनिटं विरत जातो. मास्टरिंगला (प्रकाशनाआधीचा शेवटचा हात) फाइल देताना शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे ६ डीबीपाशी ठेवा आणि लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर दाबणारं साधन) काढा. दिल्लीत बास फाउंडेशन रूट्स ही साउंड सिस्टिम आहे. असा मोठा संच एकदा समोर उभं राहून ऐकल्याशिवाय बासचे निर्णय कच्चेच राहतात.

सर्किटवाला_भाऊ
खंजिरीचं: सळसळ चकत्यांची आहे, कातड्याची नाही. एकोच्या रिटर्नला अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं कापा. सेंडमध्ये कापू नका, मूळ आवाजातली चमक राहू द्या. माइक ४०-५० सेंटीमीटरवर, कातड्याकडे तिरका, चकत्यांच्या रेषेत नको. शिखर उणे १२ डीबी. भिंतीला वाकळी टांगा. पावसाळ्यातल्या संध्याकाळी रेकॉर्डिंग नको, रातकिड्यांचा आवाज चकत्यांच्याच पट्ट्यात बसतो आणि मग वेगळा निघत नाही. दमट हवेत कातडं उतरतं, म्हणून दर दोन फेऱ्यांनी सूर तपासा.

आणि भजन शेवटाकडे चढत जातं, ६२५चा एको तिथं सुटतो. वादकाच्या एका कानात ७२चा ठेका द्या, नाहीतर लय स्थिर असलेली सुरुवातीची दोन मिनिटंच वापरा.

जुना_अ‍ॅम्प्लिफायर
वरच्या पीटी२३९९च्या जोडणीत एक भर. पॉट शून्यावर असताना पुरवठा चालू केला तर ही चिप अडकते, आवाज येत नाही आणि ती गरम होते. पॉटच्या सोबत ओळीनं २.२ किलोओहमचा रेझिस्टर घाला. तरी अडकलीच तर पुरवठा बंद करून दहा सेकंद थांबा, पॉट मध्यावर आणा आणि मग चालू करा. पाच व्होल्टसाठी मोबाइलचा चार्जर लावू नका, त्याची किणकिण थेट एकोत येते. ७८०५ रेग्युलेटर (पाच व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग) आणि साध्या ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा घ्या.