फ्रान्सने १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक आणली, ती चूक होती का?

वाटसरू

परवा जेवताना घरी वाद झाला. मुलगी म्हणाली, देशाचा प्रमुख लोकांनीच थेट निवडला पाहिजे, बाकी सगळी मधली दलाली. मी तिला फ्रान्सची गोष्ट सांगितली, तीच इथे मांडतो.

१८४८ मध्ये राजा पळाला, दुसरं प्रजासत्ताक आलं आणि सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडायचा की लोकांनी, यावर संविधान सभेत रणकंदन झालं. ज्यूल ग्रेव्ही नावाच्या तरुण सभासदाने बजावलं, की लाखो मतं मिळालेला महत्त्वाकांक्षी माणूस कायमचा गादीवर बसायला बघेल. कवी लामार्तीन थेट निवडणुकीच्या बाजूने जीव तोडून बोलला. सभेने लामार्तीनचं ऐकलं. डिसेंबरात तो स्वतः उभा राहिला आणि त्याला एक टक्काही मतं पडली नाहीत! सम्राट नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन बोनापार्तला सुमारे ७४ टक्के पडली. खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्याला ते एक नाव आजोबांच्या तोंडून ऐकून माहीत होतं. चार वर्षांची मुदत, लगेच पुन्हा उभं राहायला बंदी. मग २ डिसेंबर १८५१ ला त्याने संसदच मोडीत काढली आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला सम्राट झाला.

फ्रेंचांनी यातून धडा घेतला. १८७५ मध्ये ३५३ विरुद्ध ३५२, म्हणजे एका मताने ठरलं, की दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून राष्ट्राध्यक्ष निवडायचा. ही निवड व्हर्सायला होई. तोच ग्रेव्ही १८७९ मध्ये या पद्धतीने राष्ट्राध्यक्ष झाला. मधला महायुद्धाचा काळ सोडला तर १९५३ पर्यंत हेच चाललं. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉलनी ही निवड थेट लोकांच्या हाती दिली. माझ्या मते ती चूक होती.

तुलूजकर

मी २२ वर्षं तुलूजमध्ये राहतेय, आता इथली नागरिक आणि मतदारही आहे. तुम्ही निम्मीच गोष्ट सांगितलीत. बोनापार्तला लोकांनी निवडलं, मान्य. पण १० जुलै १९४० ला, विशी या गावी, पुढे जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या मार्शल पेताँच्या हाती सगळी सत्ता कोणी दिली? खासदार आणि सिनेटरांनीच, ५६९ विरुद्ध ८० मतांनी. लब्रँ नावाचे राष्ट्राध्यक्ष होते तेव्हा, व्हर्सायला रीतसर निवडलेले. ते काही करू शकले नाहीत, कारण त्यांच्या मागे कोणी नव्हतं.

आणि डिसेंबर १९५३ आठवा. १७ तारखेला मतदान सुरू झालं ते २३ ला संपलं. १३ फेऱ्या! शेवटी रने कोती निवडून आले. सुरुवातीच्या फेऱ्यांत ते उमेदवारही नव्हते. नाताळ तोंडावर आला, खासदार कंटाळले आणि ज्याला फारसं कोणी नको म्हणत नव्हतं त्याच्यावर शिक्का पडला. याला विचारपूर्वक निवड म्हणायचं?

वाटसरू

१९४० ला देश हरला होता, जर्मन फौजा आत होत्या. तो दोष निवडणुकीच्या पद्धतीचा धरू नका.

१९६२ कसं घडलं ते मात्र बघा. १९५८ मध्ये द गॉलना खासदार, महापौर, नगरसेवक मिळून सुमारे ८० हजार जणांनी निवडलं होतं. ऑगस्ट १९६२ मध्ये पॅरिसजवळ पेती-क्लामारला त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते थोडक्यात वाचले. त्यानंतर त्यांनी ठरवलं, की माझ्यासारखं वजन पुढच्याला आपोआप मिळणार नाही, ते लोकांच्या मतांतून मिळायला हवं. इथवर समजू शकतो. पण घटना बदलायची तर कलम ८९ प्रमाणे आधी दोन्ही सभागृहांची संमती लागते. ती मिळणार नव्हती, म्हणून कलम ११ वापरून थेट सार्वमत घेतलं. सिनेटचे अध्यक्ष मोनरव्हिल यांनी याला कर्तव्यद्रोह म्हटलं. संसदेने सरकार पाडलं, द गॉलनी संसद विसर्जित केली. २८ ऑक्टोबरला ६२ टक्के ‘हो’ आले आणि कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने सांगितलं, की लोकांच्या कौलावर निवाडा देण्याचा आम्हाला अधिकार नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. लोकांचं नाव घेतलं की नियम मोडला तरी चालतो, असं त्यातून ठरलं.

मंजूताई

फ्रान्सचं मला फारसं माहीत नाही, पण थेट सरपंचाचा अनुभव आहे. आपल्याकडे २०१७ ला थेट निवड आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. माझ्या माहेरी सरपंच एका पॅनेलचा आणि बहुतेक सदस्य दुसऱ्याचे. पाणी योजनेचा ठराव दोन वर्षं अडकला. आई अजून हंडे भरते. दोघांनाही लोकांनीच निवडलंय, मग कोणाचं ऐकायचं?

तुलूजकर

मंजूताई, अगदी हाच पेच इथे तीनदा आला. १९८६ ते ८८, १९९३ ते ९५ आणि १९९७ ते २००२. राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा, पंतप्रधान दुसऱ्या बाजूचा. म्हणून २००० च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची सात वर्षांची मुदत पाचवर आणली आणि पुढे कायद्याने संसदेची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या मागोमाग ठेवली.

सह्यकडा

माझा आक्षेप थेट निवडीला नाही, पहिल्या फेरीला आहे. तिच्यातले पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात. २००२ मध्ये १६ उमेदवार होते. डाव्यांची मतं इतकी फुटली, की समाजवादी पंतप्रधान जोस्पँ दोन लाखांहून थोड्या कमी मतांनी अतिउजव्या ल पेन यांच्या मागे राहिले आणि बाहेर पडले. पहिल्या फेरीत २० टक्केही न मिळालेल्या राष्ट्राध्यक्ष शिराकना दुसऱ्या फेरीत ८२ टक्के मिळाले. ती मतं शिराकना होती की ल पेनविरुद्ध?

तुलूजकर

विरुद्धच होती, ते नाकारत नाही. २०२२ च्या दुसऱ्या फेरीत मीही तसंच मत दिलं. टेबलावर दोन नावांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे असतात. आपण दोन्ही उचलायच्या, पडद्यामागे जाऊन एक लिफाफ्यात घालायची, दुसरी चुरगाळून टाकायची. मी बराच वेळ दोन्ही हातात धरून उभी होते. मग पारदर्शक पेटीत लिफाफा पडला, केंद्रावरच्या बाईंनी ‘आ व्होते!’ (मत दिलं!) अशी हाक दिली, मी यादीवर सही केली. त्या दिवशी कोऱ्या आणि बाद मतांची बेरीज ३० लाखांवर गेली.

तरीही हा हक्क मी सोडणार नाही. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या फेरीला सुमारे ७४ टक्के लोक आले, दोन महिन्यांनी संसदेच्या पहिल्या फेरीला ४७.५ टक्के. लोकांना आपली वाटते ती हीच निवडणूक. ती काढून व्हर्सायला बंद दाराआड नेलीत, तर उरलेलेही घरी बसतील.

वाटसरू

तुमच्या चिठ्ठीचं वाचून मी थांबलो खरा. ‘मधल्या दलाली’बद्दल लेकीचंही थोडं पटायला लागलंय.

पण त्या ४७.५ टक्क्यांचा अर्थ मी वेगळा लावतो. खरा फैसला एप्रिलमध्ये होऊन गेला असं वाटत असेल, तर जूनमध्ये लोक कशाला येतील? २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जवळपास नव्हती. संसद अचानक विसर्जित झाली, सगळं तिच्यावरच ठरणार होतं. तेव्हा पहिल्या फेरीला ६६ टक्क्यांहून जास्त लोक आले.